एका लेबलपायी: नॅनोपीबी, २० केबी रॅम आणि रात्रभर उघडा राहिलेला वाल्व

डिव्हाइस तसं साधंच होतं. ठिबकचे ८ वाल्व उघडबंद करायचे, पाइपातलं प्रेशर मोजायचं आणि टूजी मोडेमवरून सर्व्हरशी बोलायचं, बास. शेतकरी मोबाइलवर वेळापत्रक लावतो, कुठला वाल्व किती वाजता उघडायचा आणि किती मिनिटं चालवायचा, सर्व्हर ते प्रोटोबफमध्ये (डेटा थोडक्या बाइटमध्ये बांधायची गुगलची पद्धत) बांधून खाली पाठवतो, आणि शेतातल्या डब्याने ते सोडवून वाल्व चालवायचे. डब्यात एसटीएम३२एल०७२ ही चिप, म्हणजे प्रोग्रॅमला १९२ केबी फ्लॅश, लाइट गेली तरी टिकायच्या डेटाला ६ केबी ईईप्रॉम आणि चालू कामाची रॅम फक्त २० केबी. त्यातली १० केबी फ्रीआरटीओएसच्या (छोट्या चिपवर अनेक कामं, म्हणजे टास्क, आलटून पालटून चालवणारी प्रणाली) हीपला, म्हणजे मागेल तशी वाटायच्या मेमरीला दिलेली, कारण सगळ्या टास्कचे स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनच्या तात्पुरत्या जागा, तिथूनच जातात. उरलेल्या १० मध्ये बाकी सगळा संसार.

प्रोटोबफ गुगलने २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं तेव्हा २० केबीवाले कोणाच्या डोळ्यासमोर नसणार. मूळ सी प्लस प्लस लायब्ररी बिनधास्त हीप वापरते, इथे ती घेऊन काय करणार? म्हणून आमच्यासारखे लोक नॅनोपीबी वापरतात, पेट्टेरी ऐमोनेन नावाच्या फिनलंडच्या माणसाची लायब्ररी आहे, शुद्ध सी मध्ये, एकदम छोटी. तिच्यात मेसेजमधल्या प्रत्येक फील्डला जागा कशी द्यायची ते आपण ठरवायचं असतं. एकतर ऑप्शन्स फाइलमध्ये मॅक्स साइझ आणि मॅक्स काउंट लिहायचे, मग स्ट्रक्टमध्ये (सगळी फील्ड एकत्र ठेवणारा सीमधला साचा) तेवढी अ‍ॅरे छापली जाते आणि मॅलॉकचा, म्हणजे चालता चालता हीपमधून मेमरी मागायचा, संबंधच येत नाही. नाहीतर फील्डला पॉइंटर, म्हणजे नुसता मेमरीचा पत्ता, करायचं, मग डिकोड करताना (आलेले बाइट सोडवताना) लायब्ररी रिअ‍ॅलॉक मारत, म्हणजे जागा वाढवून मागत जाते आणि काम झालं की ती मेमरी सोडायला पीबी-रिलीज आपण बोलावायचं. किंवा कॉलबॅक द्यायचा, म्हणजे फील्ड आलं की लायब्ररी आपलं फंक्शन बोलावते, पुढे ते डेटा कुठे ठेवायचं की फेकून द्यायचं ते आपण बघायचं. या तिन्ही वाटांनी मी एकाच फील्डसाठी चालून आलोय आणि प्रत्येक वाटेत आपटलोय, त्याचीच ही कथा.

सुरुवात स्टॅटिकने, म्हणजे ठरलेल्या मापाच्या पहिल्या वाटेने केली. एका स्लॉटमध्ये सुरू व्हायची वेळ, किती मिनिटं, कुठले वाल्व हा मास्क आणि एक लेबल. लेबलला ३२ बाइट. तीन पूर्णांकांचे १२ आणि लेबलचे ३२ मिळून स्लॉट ४४ बाइटचा, आणि असे जास्तीत जास्त १६ स्लॉट. त्याच डाउनलिंक (सर्व्हरकडून डब्याकडे येणाऱ्या) मेसेजमध्ये फर्मवेअरचा, म्हणजे डब्यातल्या प्रोग्रॅमचा, तुकडा, नेटवर्क कॉन्फिग आणि फोन नंबरांची यादी ही तीन सबमेसेज पण होती, एकशेजारी एक. सगळं धरून साइझऑफ, म्हणजे स्ट्रक्टचं एकूण माप, १६०८ बाइट. हा स्ट्रक्ट मी कम्युनिकेशन टास्कमध्ये लोकल व्हेरिएबल म्हणून ठेवला होता, बाजूला १०२४ बाइटचा रिसीव्ह बफर, तोही लोकल. टास्कचा स्टॅक ४ केबी. (फ्रीआरटीओएसमध्ये टास्क बनवताना १०२४ लिहिलं की ते १०२४ बाइट नसतात, वर्ड असतात, म्हणजे ४०९६ बाइट. यात बऱ्याच जणांची फसगत होते, आमची तेवढी झाली नव्हती.) काही महिने सगळं मस्त चाललं.

पहिला फोन आला सांगोल्याकडच्या एका डाळिंबवाल्या काकांचा. "अहो, तुमच्या डब्याला वेळ लावली की घेतच नाही. शेजारच्याचा घेतोय." तोच डबा, तेच फर्मवेअर, सिम पण त्याच कंपनीचं. लॉग मागवला तर त्यात नॅनोपीबीचा निरोप होता, स्ट्रिंग ओव्हरफ्लो. काकांनी लेबल लिहिलं होतं "डाळिंब उत्तर". आता ही आपल्या डोळ्यांना केवढीशी अक्षरं, पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यातलं प्रत्येक वेगळं चिन्ह धरलं जातं. डाळिंबची सहा चिन्हं आणि उत्तरची पाच, अकरा त्रिक तेहेतीस, मध्ये एक स्पेस, झाले ३४, आणि शेवटचा शून्य बाइट धरला तर ३५. जागा ३२ ची. आणि स्टॅटिक स्ट्रिंग मावली नाही तर नॅनोपीबी ती कापून वगैरे घेत नाही, डिकोडच फेल करते, म्हणजे एका लेबलपायी अख्खं वेळापत्रक परत. एका अर्थी बरोबरच आहे ते, अर्धवट घेण्यापेक्षा नको. चूक आमची होती, आमची टेस्ट लेबलं सगळी व्ही-वन, झोन-टू असली, इंग्रजीतली. मराठी शेतकरी मराठीत नाव लिहील हे पुण्याच्या ऑफिसात बसलेल्या सहा मराठी माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग लेबल ६४ केलं. ऑप्शन्स फाइलमधली एक ओळ, पाच मिनिटांचं काम. स्लॉट झाला ७६ बाइटचा, १६ स्लॉट म्हणजे ५१२ बाइट वाढले, अख्खा मेसेज १६०८ वरून २१२० वर. हा आकडा मी तेव्हा काढला नव्हता, आज काढून लिहितोय. तेव्हा काढला असता तर दिसलं असतं की २१२० आणि १०२४ मिळून ३१४४, आणि ४०९६ च्या स्टॅकमध्ये उरले ९५२ बाइट, ज्यात डाउनलिंक, त्याच्या आत वेळापत्रक, त्याच्या आत स्लॉट असं तीन पायऱ्या खाली उतरणारं डिकोड बसवायचं, आणि एरर आली तर २५६ बाइटचा लाइन बफर घेऊन एसएनप्रिंटएफ मारणारं लॉगचं फंक्शनही त्याच खोलीवर. एरर नाही आली तर बसत होतं. टेस्टला एरर येत नव्हती. शेतात रेंज गेली, मेसेज अर्धवट आला, डिकोड सगळ्यात खालच्या पायरीवर फेल झालं आणि तिथून लॉग लिहायला गेलं की स्टॅक खालून फुटत होता.

फुटून जातो कुठे तेही बघा. हीप-४ मध्ये टास्क बनवताना आधी स्टॅकची जागा घेतली जाते आणि मग टीसीबीची, म्हणजे त्या टास्कच्या माहितीच्या ब्लॉकची. आमचा वाल्वचा टास्क आधी बनायचा आणि त्याच्या पाठोपाठ कम्युनिकेशनचा, त्यामुळे कम्युनिकेशनच्या स्टॅकखाली बरोबर वाल्व टास्कचा टीसीबी. तो खराब झाला की वाल्व टास्क परत शेड्यूलच होत नव्हता. वाल्व लॅचिंग प्रकारचे, शेवटच्या स्थितीत तसेच राहणारे. एका रात्री एका बागेत एक वाल्व उघडा तो उघडाच, सकाळपर्यंत. वॉचडॉग, म्हणजे वेळेवर थोपटलं नाही तर डबा रीसेट करणारा टायमर, होता की, पण त्याला थोपटायचं काम कम्युनिकेशन टास्कमध्ये, आणि तो टास्क तर मजेत चालला होता. स्टॅक ओव्हरफ्लो तपासायची फ्रीआरटीओएसची सोय आम्ही रिलीज बिल्डमध्ये बंद ठेवलेली, वेळ वाचावा म्हणून. कसला वेळ वाचवत होतो देव जाणे, दिवसातून वीसदा वाल्व हलवायचा डबा तो.

हे दुरुस्त करणं सोपं होतं. मेसेज आणि बफर दोन्ही स्टॅकवरून काढून स्टॅटिक केले, म्हणजे रॅममध्ये कायमच्या राखीव जागेत ठेवले, आणि चार सबमेसेज वनऑफमध्ये घातले. वनऑफ म्हणजे सीमध्ये युनियन, चौघांपैकी सगळ्यात मोठ्याला लागेल तेवढीच जागा. एका वेळी त्यातला एकच येतो हे आधीपासूनच खरं होतं, फक्त प्रोटो फाइलला, म्हणजे मेसेजच्या आराखड्याला, ते सांगितलं नव्हतं. फील्डचे नंबर तेच ठेवले की वायरवर, म्हणजे प्रत्यक्ष जाणाऱ्या बाइटमध्ये, काहीच बदलत नाही, जुना सर्व्हर चालतो. २१२० चे १२३२ झाले. इथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

थांबलो नाही कारण सेल्सकडून आलं की मोठ्या बागायतदारांना १६ स्लॉट पुरत नाहीत, २०० पाहिजेत. २०० का? कोणी विचारलं नाही, मीही नाही. ७६ गुणिले २०० म्हणजे १५,२०० बाइट, हे २० केबीत शक्यच नाही, म्हणून मी स्लॉट आणि लेबल दोन्ही पॉइंटर केले. आता जेवढे स्लॉट येतील तेवढीच मेमरी, जेवढं लेबल तेवढेच बाइट, वाया काही नाही. कागदावर एकदम देखणं. स्लॉट आता १६ बाइटचा, तीन पूर्णांक आणि एक पॉइंटर. शिवाय २०० स्लॉटचा मेसेज मराठी लेबलं धरून ९-१० हजार बाइटचा होतो, तो १०२४ च्या बफरमध्ये काय मावणार, म्हणून मोडेमकडून थोडे थोडे बाइट ओढून देणारा स्वतःचा इनपुट स्ट्रीम पण लिहिला, नॅनोपीबीत त्याची सोय आहे. सीच्या हीपला साधारण ५ केबी उरत होते. ६० स्लॉटने टेस्ट केलं, पास. ऑफिसमध्ये वडापाव आले.

पुढचे दोन महिने काही तक्रार नाही, आणि मग हार्डवेअरवाल्यांनी नवीन बोर्ड काढला, बॅटरी बॅकअपवाला. नवीन बोर्ड लागले तशी बोंब सुरू झाली. "दोन दिवस चालतं, मग नवीन वेळ घेत नाही. बंद करून चालू केलं की घेतंय." सगळ्या तक्रारी नवीन बोर्डाच्याच. जुन्या बोर्डावर तेच फर्मवेअर, तिथे काही नाही. साहजिकच आम्ही हार्डवेअरवाल्या मित्राला धरलं. चार्जिंग सर्किटचा नॉइज, ब्राउनआउट (व्होल्टेज पडणं), सिमचा होल्डर, काय काय नाही तपासलं बिचाऱ्याने, तीन आठवडे त्याला आम्ही खाल्लं. मग त्यानेच एक गोष्ट लक्षात आणून दिली की तक्रारवाली गावं बघा, सगळी रेंजची बोंब असलेली आहेत. रेंज चांगली तिथे नवीन बोर्ड पण व्यवस्थित चालतोय. आता बॅटरीला मोबाइलच्या रेंजचं काय पडलंय?

नॅनोपीबीत रिअ‍ॅलॉक आणि फ्रीची नावं मॅक्रोने बदलता येतात. तिथे माझी दोन फंक्शन घातली, आत एक काउंटर, घेतलं की एक वाढव, सोडलं की एक कमी कर. टेबलावर डबा ठेवला, ६० स्लॉटचं वेळापत्रक पाठवलं. काउंटर शून्यावर परत आला. परत पाठवलं, तेच वेळापत्रक, तोच व्हर्जन नंबर. काउंटर ६१ वर अडकला.

६१ बघितल्याबरोबर कळलं. साठ लेबलं आणि एक अ‍ॅरे. म्हणजे अख्खा मेसेजच सुटला नव्हता. कोड उघडला तर डिकोड झाल्यावर पहिलीच अट, हा व्हर्जन आपल्याकडे आधीच असेल तर पोच दे आणि रिटर्न. पीबी-रिलीजची ओळ मात्र त्या फंक्शनच्या अगदी शेवटी. मधूनच रिटर्न झालं की साठही लेबलं बेवारस, कारण पुढच्या वेळी त्याच स्ट्रक्टमध्ये पीबी-डिकोड बोलावलं की ते आधी सगळे पॉइंटर नल करून टाकतं, जुनी मेमरी कुठे होती हे सांगणारं कोणी उरत नाही. डिकोड फेल झालं तर लायब्ररी स्वतःच्या हाताने सोडवते, पास झालं तर आपण सोडायची. आमची गळती पास झालेल्या मेसेजची होती, म्हणून लॉगमध्ये एररचा मागमूस नाही.

आणि तोच व्हर्जन दुसऱ्यांदा कधी येतो? डब्याने पाठवलेली पोच सर्व्हरपर्यंत पोचली नाही की. म्हणजे रेंज वाईट असली की. आणि जुन्या बोर्डावर का होत नव्हतं? कारण जुन्या बोर्डाला बॅटरी नव्हती आणि शेतीची लाइट रोज जाते. लाइट गेली की डबा बंद, आली की नवा कोरा हीप. इतके दिवस आमची मेमरी लीक लोडशेडिंगने झाकून ठेवली होती, आणि ज्या बॅटरीला आम्ही शिव्या दिल्या तिचा दोष एवढाच की ती डबा बंद पडू देत नव्हती. हार्डवेअरवाल्याला मिसळ खाऊ घातली, दोनदा.

रिटर्नच्या आधी पीबी-रिलीज टाकून लीक बंद झाली. पण तो ६१ चा काउंटर हाताशी होता म्हणून मी जरा अजून खोदलं, आणि जे दिसलं त्यावरून हा पॉइंटरचा सगळा कारभारच इथे चालणारा नाही हे पटलं. रिपीटेड फील्ड पॉइंटर असेल तर किती स्लॉट येणार हे नॅनोपीबीला आधी माहीतच नसतं, प्रोटोबफमध्ये ते वायरवर लिहिलेलंच नसतं. म्हणून ती प्रत्येक स्लॉटला अ‍ॅरे एकेने वाढवते. दर स्लॉटला एक रिअ‍ॅलॉक. आणि आम्ही लिंक करत होतो ती न्यूलिब-नॅनो ही सीची छोटी लायब्ररी, त्यातलं रिअ‍ॅलॉक अगदी भोळं आहे, ब्लॉक पुरत नसेल तर शेजारी जागा मोकळी आहे का वगैरे बघत नाही, सरळ नवीन मॅलॉक, त्यात कॉपी, जुनं फ्री. म्हणजे साठाव्या स्लॉटला ९६० बाइटचा नवा ब्लॉक आणि ९४४ चा जुना दोन्ही एकदम जिवंत असतात, वर मराठी लेबलं, प्रत्येकी हेडरसकट ४० च्या आसपास, म्हणजे २४००. एकूण ४३०० च्या वर, मध्ये पडलेली भोकं वेगळी. ५ केबीच्या हीपमध्ये एवढं जेमतेम मावत होतं. एकदा ३३६० बाइट गळाले की पुढचं वेळापत्रक विसाव्या-पंचविसाव्या स्लॉटला रिअ‍ॅलॉक फेल्ड म्हणून पडणारच, म्हणजे दोन दिवस वगैरे काही नाही, एक पोच हरवली की खेळ खलास. आणि २०० स्लॉट? नुसता अ‍ॅरेच ३२०० अधिक ३१८४. लीक नसतानाही ते कधीच मावलं नसतं. म्हणजे २०० चालतात असं सांगून जे फर्मवेअर आम्ही विकलं ते शंभराला पण पोचत नव्हतं, कोणी लावून बघितलं नाही म्हणून अब्रू वाचली.

मला वाटलं स्वतःचा अ‍ॅलोकेटर लिहू. एक सलग पट्टा, पुढे पुढे वाटत जायचं, मेसेज संपला की सगळं एकदम शून्य. लीकचा प्रश्नच मिटला. एरवी ही चांगली युक्ती आहे, इथे मात्र नाही चालत, आणि का नाही चालत ते मजेशीर आहे. अ‍ॅरे वाढला, मग त्या स्लॉटचं लेबल त्याच्या पुढे बसलं, पुढचा स्लॉट आला की अ‍ॅरेला जागच्या जागी वाढायला वाव नाही कारण लेबल आडवं आलंय. म्हणून तो लेबलच्या पुढे नव्याने मांडायचा, जुनी जागा मेली. १६, ३२, ४८ असं करत साठापर्यंत नुसत्या अ‍ॅरेच्या प्रेतांना २८,३२० बाइट. रॅम २० केबी. हसावं की रडावं. अ‍ॅरे एकीकडून आणि लेबलं दुसरीकडून वाटायची असं काहीतरी करता आलं असतं, पण मग मी लायब्ररी आतून कशी वागते यावर भरवसा ठेवून कोड लिहीत बसलो असतो, आणि पुढच्या अपडेटला परत आलं कपाळ.

खोदताना अजून एक साप निघाला. प्रेशरचा लॉग दशांश चिन्हासकट छापला जायचा, आणि न्यूलिबमध्ये फ्लोट छापताना आतून मॅलॉक होतं. ते दुसऱ्या टास्कमधून. मॅलॉकला कुलूप लावायची न्यूलिबमध्ये जागा आहे पण ते कुलूप आपण पुरवायचं असतं, नाही पुरवलं तर रिकामं फंक्शन. आम्ही नव्हतं पुरवलं. एकाच वेळी दोन टास्क मॅलॉकमध्ये घुसले तर काय होईल, उत्तर काहीही होईल. आमच्याकडे झालं होतं की नाही सांगता येत नाही, त्यानंतर प्रेशर मिलिबारमध्ये पूर्णांक छापायला लागलो आणि तो विषय संपवला.

तर मग कॉलबॅक. विचार असा की २०० स्लॉट एकदम रॅममध्ये हवेतच कशाला? एक स्लॉट डिकोड करायचा, ईईप्रॉममध्ये लिहायचा, पुढचा घ्यायचा. ईईप्रॉममध्ये दोन कप्पे, एक चालू वेळापत्रकाचा आणि एक येणाऱ्याचा, सगळं नीट आलं आणि सीआरसी (डेटा खराब झालाय का ते तपासायचा आकडा) जुळला तरच कप्पा बदलायचा. रेंज मध्येच गेली तर जुनं वेळापत्रक शाबूत. रॅम लागणार एका स्लॉटपुरती. लिहिलं, चालवलं, पीबी-डिकोड ट्रू आलं. स्लॉट आले शून्य.

दोन दिवस गेले यात. कॉलबॅक लावलेला होता, प्रिंट करून बघितला, डिकोडच्या आधी बरोबर आहे. नंतर बघितला तर नल. झालं असं की वेळापत्रक आता वनऑफच्या आत आहे, आणि वनऑफमधलं सबमेसेज आलं की नॅनोपीबी युनियनची ती जागा शून्याने पुसून मगच डिकोड करते. का पुसते, तर आधीच्या दुसऱ्या सबमेसेजचे बाइट तिथे पडलेले असू शकतात आणि त्यांनाच फंक्शनचा पत्ता समजून उडी मारली तर मेलो. बरोबरच आहे. पण माझा कॉलबॅकही त्यातच पुसला गेला, आणि कॉलबॅक नल असेल तर लायब्ररी ते फील्ड गुपचूप ओलांडून पुढे जाते, एरर नाही. म्हणून ट्रू. नवीन व्हर्जन, शून्य स्लॉट, सीआरसी पण जुळला कारण शून्य स्लॉटचा सीआरसी बरोबर शून्य स्लॉटचाच होता, आणि टेबलावरच्या डब्याने स्वतःचं वेळापत्रक आनंदाने पुसून टाकलं. शेतात झालं असतं तर? उपाय लायब्ररीतच आहे, सबमेसेज कॉलबॅक नावाचा ऑप्शन, तो लावला की वनऑफच्या बाहेर, युनियनच्या वर एक वेगळा कॉलबॅक मिळतो, आणि तो पुसून झाल्यावर पण डिकोडच्या आधी बोलावला जातो, त्यात आतले कॉलबॅक जोडायचे. डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं आहे. वाचलं नव्हतं. आणि मेसेजमध्ये एकूण स्लॉट किती हे एक फील्ड वाढवलं, शेवटी मोजणी जुळली तरच कप्पा बदलायचा. फील्ड कुठल्या क्रमाने येतील याचा भरवसा प्रोटोबफमध्ये धरायचा नसतो, म्हणून ही तपासणी सगळं संपल्यावर.

वेळ वाचवायला मी स्लॉटचा स्ट्रक्ट एकच स्टॅटिक ठेवून दर वेळी इनिशिअलाइझ न करता डिकोड करत होतो, तर रात्री १२ चा स्लॉट आदल्या स्लॉटच्या वेळेला लागायला लागला. प्रोटो-३ मध्ये (प्रोटोबफची आवृत्ती) शून्य वायरवर येतच नाही ना. रात्री १२ म्हणजे शून्य मिनिटं. ते एका तासात सापडलं, शहाणपण येत चाललं होतं.

आता प्रश्न राहिला ईईप्रॉमच्या जागेचा. ७६ बाइटचे २०० स्लॉट म्हणजे १५,२००, दोन कप्प्यांचे ३० हजारच्या वर, आणि ईईप्रॉम ६१४४ बाइट. बाहेरून एसपीआय फ्लॅश लावावी लागणार, म्हणजे बोर्डात बदल, पुन्हा हार्डवेअरवाल्याकडे जायचं, आणि तोंड घेऊन जायला जागा नव्हती. मीटिंगमध्ये मी हा हिशोब मांडत होतो, कोपऱ्यात चार महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी बसली होती, ती म्हणाली, "दादा, लेबल डिव्हाइसवर वापरतो कुठे आपण?"

मी म्हटलं, वापरतो की. मग म्हटलं, थांब बघतो. ग्रेप मारला, म्हणजे कोडभर लेबल शोधलं. डब्याला स्क्रीन नाही. वाल्व उघडला की सर्व्हरला जो इव्हेंट जातो त्यात लेबल जायचं, बास, तेवढंच, आणि सर्व्हर ते घेऊन अ‍ॅपवर दाखवायचा. म्हणजे सर्व्हरने स्वतःकडचं लेबल ३६ बाइट खर्चून टूजीवरून शेतात पाठवायचं, आम्ही ते जिवापाड सांभाळायचं, त्याच्यासाठी स्टॅक फोडायचा, हीप गळवायचा, आणि परत सर्व्हरलाच नेऊन द्यायचं. वायरवर एक स्लॉट साधारण ४६ बाइटचा, त्यातले ३६ लेबलचे. पहिल्या प्रोटो फाइलमध्ये लेबल कोणी टाकलं ते शोधलं. मीच. डीबगला बरं पडेल म्हणून.

लेबल काढलं, जागी २ बाइटचा स्लॉट आयडी. प्रोटो फाइलमध्ये लेबलचा ४ नंबर रिझर्व्ह केला म्हणजे पुढे कोणी दुसऱ्या कामाला वापरणार नाही. सर्व्हर अजून लेबल पाठवत असला तरी चालतं, ओळखीचं नसलेलं फील्ड नॅनोपीबी वाचून टाकून देते, त्याला रॅम लागत नाही, त्यामुळे सर्व्हरवाल्यांच्या मागे लागायची पण घाई नव्हती. वेळ आणि मिनिटं १६ बिटांची केली, त्यासाठी इंट साइझचा ऑप्शन आहे. स्लॉट १२ बाइटचा झाला. २०० स्लॉट २४००, दोन कप्पे ४८००, ईईप्रॉममध्ये बसून १३४४ बाइट शिल्लक. बाहेरची फ्लॅश नको, बोर्डात बदल नको.

आता कोणी म्हणेल २४०० बाइट तर स्टॅटिकमध्ये पण मावले असते, कॉलबॅकचा खटाटोप कशाला. मावले असते. पण रेंज मध्येच जाते ही गोष्ट तर बदलत नाही, अर्धवट आलेलं चालू वेळापत्रकावर सांडायला नको म्हणून दुसरी प्रत कुठेतरी लागणारच, मग ती ईईप्रॉममध्येच थेट का नको. फर्मवेअरचा तुकडा मात्र मी मुद्दाम स्टॅटिक ५१२ बाइटच ठेवला, कारण तो आकडा आमच्या हातात आहे, या चिपचं फ्लॅश पान १२८ बाइटचं, चार पानं एका तुकड्यात, सर्व्हर त्याहून मोठा पाठवणार नाही आणि पाठवला तर एरर येऊ दे, यायलाच पाहिजे. एपीएन (सिमचं इंटरनेट सेटिंग), पत्ता, फोन नंबर तेही स्टॅटिक. अख्खा डाउनलिंक आता ५३६ बाइटचा आहे, आणि प्रोटो किंवा ऑप्शन्स फाइल कोणी बदलली आणि साइझऑफ ६०० च्या वर गेला तर बिल्डच होत नाही अशी एक स्टॅटिक असर्टची ओळ टाकलीय. पीबी मॅलॉकचा स्विच बंद. सबंध फर्मवेअरमध्ये लिंकरच्या मॅप फाइलीत मॅलॉक दिसलं तरी बिल्ड लाल. स्टॅक ओव्हरफ्लोची तपासणी रिलीजमध्येही चालू. वॉचडॉगला आता चारही टास्कनी हजेरी लावली तरच थोपटलं जातं.

२०० का हे शेवटी विचारलं सेल्सला. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचे स्लॉट ८४ आहेत.

जुनी फर्मवेअरवाली काही डबडी अजून शेतात आहेत, रेंज इतकी वाईट की अपडेट पूर्ण उतरतच नाही. त्यांच्यासाठी सर्व्हरवर एक अट घातलीय, पोच आली नाही तरी तोच व्हर्जन परत पाठवायचा नाही, व्हर्जन नंबर एकने वाढवून पाठवायचा. त्या ओळीवर मराठीत कमेंट आहे, काढू नका, आधी मला फोन करा.